बेब रूथ की हँक ॲरन?

बेसबॉलमध्ये मोठा कोण? रूथचे होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) ७१४, ॲरनचे ७५५. नुसता आकडा बघायचा तर विषय इथेच संपला. पण ॲरनला त्यासाठी जवळपास चार हजार वेळा जास्त बॅटिंग करावी लागली, हेही सांगायला हवं.

रूथ म्हणजे नुसता धडाका. बोस्टनच्या संघाचा हा डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडून उतरला आणि पहिल्याच मोसमात ५४ होमरन ठोकून बसला. १९२७ मध्ये तर ६०! ॲरन एका मोसमात ४७ च्या पुढे कधी गेलाच नाही, पण सलग २० मोसम किमान २० होमरन मारत राहिला. गंमत म्हणजे हा उजवा बॅटर लहानपणी बॅटच्या मुठीवर डावा हात उजव्याच्या वर धरून, म्हणजे चक्क उलट्या पकडीने खेळायचा.

८ एप्रिल १९७४ ला अटलांटात ॲरनने ७१५वा होमरन मारला. एका कृष्णवर्णीयाने रूथचा विक्रम मोडायचा, या रागापोटी त्याला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती. रूथच्या काळात मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेची, दारं कृष्णवर्णीयांना बंदच होती, म्हणजे कितीतरी चांगले पिचर तिथे त्याच्यासमोर आलेच नाहीत.

माझं मत ॲरनला. तिकीट काढून बघायचं असेल तर मात्र रूथ.