घर बांधताना झाड राखून देणारी सेवा : लक्ष्मीनगरातील एका बांधकामाचा अनुभव

नागपूरच्या लक्ष्मीनगरातील आमचे 1978 सालचे बैठे घर पाडून त्याच प्लॉटवर दुमजली घर बांधायचे ठरले, तेव्हा अंगणात मागच्या कुंपणाजवळ एक कडुनिंब आणि फाटकाशी एक कलमी आंबा होता. आर्किटेक्टच्या पहिल्या नकाशात या दोन्ही झाडांचा पत्ताच नव्हता. त्यामुळे झाडांची पाहणी, परवानगीचे कागद आणि बांधकाम चालू असताना झाडाचे संरक्षण ही तिन्ही कामे एकत्र घेणाऱ्या एका छोट्या सल्लागार संस्थेला आम्ही काम दिले. काही त्रुटीही सांगायच्या असल्याने संस्थेचे नाव लिहीत नाही.

पाहणीचे काम उत्तम झाले, हे आधी सांगतो. आलेल्या तरुणाने छातीच्या उंचीवर कडुनिंबाला टेप गुंडाळला. घेर 190 सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण 60 सेंटिमीटर भरला. खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ झाडाच्या मुळांसाठी राखावे, हा ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील मानकांमधील हिशेब त्याने समजावून सांगितला आणि चुन्याने जमिनीवर आखूनही दाखवला. सव्वासात मीटर त्रिज्येचे ते वर्तुळ आमच्या नियोजित स्वयंपाकघरातून, जिन्यातून आणि शेजाऱ्यांच्या मोरीतून गेले. ‘एवढे मिळणार नाही, पण नेमके काय गमावतो आहोत ते तुम्हाला ठाऊक असावे,’ असे तो म्हणाला. हा सरळपणा मला आवडला. झाडाची अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दोन फुटांतच पसरलेली असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात, हे मला तोवर माहीत नव्हते. अखेर स्ट्रक्चरल इंजिनिअरशी बोलून मागची कॉलमची रांग आत सरकवली आणि त्या बाजूला चार मीटर जागा मोकळी ठेवली. काळ्या मातीमुळे फुटिंग (कॉलमचा पाया) खाली मुरूम लागेपर्यंत नेणे भाग होते, त्यामुळे याहून अधिक सूट इंजिनिअरने दिली नाही.

आंबा मात्र वाचवता आला नाही, कारण गाडी आत घेण्याची वाट तेथूनच होती. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांना झाडांच्या संरक्षणाचा 1975 चा अधिनियम लागू आहे. त्यानुसार खासगी अंगणातील झाडालाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी नवी झाडे लावावी लागतात, त्यामुळे वयाचा प्रश्न थेट खिशाशी आणि जागेशी जोडला गेला आहे. खोडाच्या घेरावरून संस्थेने आंब्याचे वय तीस काढले. आईने ते ऐकले आणि कपाटातून माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाचा अल्बम काढून पुढे ठेवला. त्यात फाटकाजवळ गुडघाभर उंचीचे कलम दिसत होते. तो फोटो अर्जाला जोडल्यावर 22 हा आकडा मान्य झाला. हे काम संस्थेने स्वतःहून सुचवायला हवे होते, असे मला अजूनही वाटते. (कडुनिंब घराच्या वास्तुशांतीच्या वर्षीचा. पन्नास वर्षांचे झाड कायद्याने हेरिटेज ठरते, त्याला आता फार वर्षे उरलेली नाहीत, हे सांगताना आईच्या चेहऱ्यावर अभिमान होता.)

कागदपत्रांत संस्थेने कुठेही अडू दिले नाही. आंब्याच्या खोडावर नोटीस चिकटवली गेली, तेव्हा समोरचे काका ‘आंबा तोडता का जी?’ असे विचारत आले आणि अर्धा तास बसले. परवानगी हाती आल्यावरही पंधरा दिवस करवत लावायची नसते, हे ठेकेदाराला संस्थेनेच लेखी कळवले. 22 रोपांपैकी चार प्लॉटमध्ये मावली; उरलेल्यांसाठी लेआउटच्या मोकळ्या जागेची संमती मिळवण्याची धावपळ मात्र आमच्यावरच पडली, जरी बोलणे झाले तेव्हा तेही काम त्यांच्याच यादीत होते.

खरी परीक्षा खोदकाम सुरू झाल्यावर झाली. कडुनिंबाभोवती बांबू आणि टिनाचे पत्रे लावलेले होते, पण गिट्टीचा ट्रक मागे घेण्यासाठी ते एका दुपारी हलवले गेले. मी हटकले तेव्हा मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, दोन दिवसांत काई होत नाई झाडाले.’ जेसीबीने मनगटाएवढे एक मूळ फाडले तेव्हा फोन केल्यावर संस्थेचा माणूस तासाभरात आला, चिंधड्या झालेले टोक त्याने हातकरवतीने नीट कापले, डांबर फासण्याचा मिस्त्रीचा आग्रह मोडून काढला आणि उघड्या मुळांवर ओली पोती टाकली. एप्रिलमधल्या नागपूरच्या उन्हात त्या पोत्यांवर दिवसातून तीनदा पाणी मारावे लागत होते. कायद्यात झाड तोडणे याचा अर्थ झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे असाही आहे, हे त्याने ठेकेदाराला मोबाइलवर कलम उघडून वाचून दाखवले. त्यानंतर मिक्सर धुतलेले सिमेंटचे पाणी झाडाकडे सोडणे बंद झाले.

माझी मुख्य तक्रार शेवटच्या टप्प्याची आहे. करारातील आठ भेटी स्लॅब पडेपर्यंत संपल्या आणि त्यानंतर कोणी फिरकले नाही. ठेकेदाराने अंगणात गट्टू (फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे) बसवताना ते थेट खोडाला भिडवले. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करण्याचा आदेश दिला होता आणि संस्थेच्या पहिल्या अहवालात त्याचा दाखलाही होता. पण तो अहवाल गट्टू बसवणाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. ते गट्टू मी स्वखर्चाने उखडून घेतले.

एकूण 28 हजार रुपये गेले. पाहणी आणि संकटकाळातील तत्परता यांसाठी मी ते पुन्हा देईन. ही सेवा घेणाऱ्याने करारात भेटींची संख्या न लिहिता ‘अंगणाची फरशी पूर्ण होईपर्यंत’ असे लिहून घ्यावे, आणि रोपांच्या जागेची संमती कोण आणणार, तेही त्याच कागदावर यावे. कडुनिंबाला यंदा चैत्रात पालवी आली. मूळ फाटले त्या बाजूच्या दोन फांद्यांना ती तीन आठवडे उशिरा फुटली.