पाच ठेवा, बाकीचे सोडा: बेसबॉल कीपर लीगचं ॲप, दोन सीझन वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, ॲपचं नाव लिहीत नाहीये, कारण पुढे बऱ्याच तक्रारी आहेत आणि उगाच कटकट नको. तसंही फँटसी बेसबॉलची (खऱ्या खेळाडूंची आपली टीम बनवायची, त्यांच्या खऱ्या मॅचमधल्या आकड्यांवर पॉइंट मिळवायचे) ही ॲप्स आतून बरीचशी सारखीच असतात, त्यामुळे हा रिव्ह्यू ॲपचा कमी आणि कीपर लीग, म्हणजे काही खेळाडू पुढच्या वर्षीही ठेवता येतात, या प्रकाराचा जास्त आहे असं धरून चाला.

मी न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. ऑफिसमधल्या लोकांनी मार्च 2024 मध्ये लीग काढली, 12 टीम्स, आणि एक जण कमी पडत होता म्हणून मला ओढलं. क्रिकेटवाला माणूस आहे म्हणजे याला बॅट-बॉल कळत असणार एवढाच त्यांचा हिशोब. नियम असा की प्रत्येकाला ऑक्शनमध्ये 260 डॉलर (खोटे, फीचे पैसे वेगळे), त्यात 23 खेळाडू घ्यायचे, आणि सीझन संपला की त्यातले फक्त पाच पुढच्या वर्षी ठेवता येतात, तेही दर वर्षी प्रत्येकाची किंमत 5 डॉलरने वाढवून. आपल्या आयपीएलच्या रिटेन्शनसारखंच, फक्त इथे मेगा ऑक्शन दर मार्चला. म्हणजे खरा प्रश्न यंदा कोण चांगलं खेळेल हा नाहीच, घराचा मधला खांब कोण हा आहे.

आणि नेमक्या त्या प्रश्नावर ॲप तुम्हाला काडीची मदत करत नाही! ऑक्शनच्या स्क्रीनवर जी रँकिंग दिसते ती फक्त या एका सीझनची. 31 वर्षांचा माणूस आणि 22 वर्षांचा पोरगा एकाच यादीत, वय बघायला खेळाडूच्या नावावर टॅप करून आणखी दोन स्क्रीन आत जायचं, तोवर समोर बोली 20 वरून 30 वर गेलेली असते. पैसे भरून घेतलेल्या व्हर्जनमध्येही हेच. मी बापडा यादीवर विश्वास ठेवून बसलो.

यादीत एक नंबरला होता रोनाल्ड अकुन्या, अटलांटा ब्रेव्हजचा. आधीच्याच वर्षी, म्हणजे 2023 मध्ये, त्याने 41 होमरन (आपल्या सिक्सरसारखे) मारलेले आणि 73 बेस चोरलेले (पिचर बॉल टाकत असतानाच पुढच्या बेसवर पळून पोचणं), एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सगळ्यात मौल्यवान खेळाडू, तोही एकमताने. घेतला, 52 डॉलरला. पिचर्समध्ये, म्हणजे बॉल टाकणाऱ्यांमध्ये, सगळ्यात वर स्पेन्सर स्ट्रायडर, तोही ब्रेव्हजचाच, 2023 मध्ये 281 स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर). घेतला, 34 ला. दोघंही पंचविशीच्या आसपासचे, म्हटलं झालं आपलं काम, दहा वर्षं बघायला नको. एप्रिलमध्ये दोन मॅच टाकून स्ट्रायडरचं कोपर गेलं, सर्जरी, सीझन संपला. 26 मे ला पिट्सबर्गला अकुन्याचा डावा गुडघा गेला, त्याचाही सीझन संपला. दोन महिन्यांत दोन्ही खांब आडवे आणि 260 मधले 86 डॉलर पाण्यात. ऑफिसमध्ये महिनाभर लोक मला बघून गुडघा धरून लंगडायचे.

आता अकुन्याचं वाईट वाटतं पण राग येत नाही. खरं तर 2021 मध्ये त्याचा उजवा गुडघाही असाच गेला होता, ते मी बघायला हवं होतं, पण तरी बॅटर परत येतो. 2025 च्या मे मध्ये तो परत आला आणि त्याला टाकलेल्या पहिल्याच बॉलवर होमरन मारला, मी घरात ओरडलो तर बायको किचनमधून धावत आली. बेस चोरणं मात्र खूप कमी झालंय, गुडघे जपतोय, साहजिकच आहे.

स्ट्रायडरच्या बाबतीत मात्र मला स्वतःवरच राग येतो, कारण पिचरभोवती टीम बांधायची नाही हे बेसबॉलमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट जातं, मग टॉमी जॉन सर्जरी, 1974 मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी ती पहिल्यांदा ज्या पिचरवर केली त्या पेशंटचंच नाव तिला पडलं. परत यायला साधारण वर्ष-दीड वर्ष. स्ट्रायडरची तर कॉलेजात असताना एकदा झालेली होती! म्हणजे रिपेअर केलेली गाडी मी शोरूमच्या भावात घेतली. परत आला तो पण वेग आधीसारखा राहिला नाही.

नाशिकला बाबांना फोनवर हे सांगत होतो तर म्हणाले, "अरे पिचर म्हणजे आपला फास्ट बोलरच की, त्याला कशाला मुख्य धरलास?" मी म्हटलं, बाबा, मुंबई इंडियन्सने 2025 साठी सगळ्यात जास्त पैसे बुमराहलाच दिले, 18 कोटी, रोहितपेक्षा जास्त. तर म्हणे, "मग त्याची पाठ किती वेळा गेली तेही सांग." यावर काय बोलणार. पूर्ण 2023 ची आयपीएल बुडाली होती त्याची.

आणि माझं सोडा, खऱ्या टीम्सचे मालकही इथेच फसतात. वॉशिंग्टन नॅशनल्सने 2019 ची वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची फायनल) जिंकल्यावर आपला पिचर स्टीफन स्ट्रासबर्गला सात वर्षांचे 245 मिलियन डॉलर दिले, त्यानंतर त्याने फक्त आठ मॅच सुरू केल्या आणि मग रिटायरच झाला. उलट बाजूने बघा, लॉस एंजेलिस एंजल्सकडे बॅटर माइक ट्राऊट, तीन वेळा एमव्हीपी, खांब म्हणाल तर सागवानी, पण भोवती भिंतीच नाहीत, त्याच्या काळात प्लेऑफला गेले ते एकदाच 2014 मध्ये आणि तिथे तिन्ही मॅच हरले. 2018 ते 2023 बॅटिंग आणि पिचिंग दोन्ही करणारा शोहेई ओहतानी पण त्याच टीममध्ये होता, तरी नाही! तरीही न्यूयॉर्क मेट्सने बॅटर हुआन सोटोला 15 वर्षांचे 765 मिलियन डॉलर दिले तेव्हा इकडे सगळे वेड लागलं म्हणत होते, मला नाही तसं वाटलं. खेळाडू साधारण सहा सीझन खेळल्यावर हव्या त्या टीमकडे जायला मोकळा होतो, बहुतेक जण तोवर तिशीजवळ आलेले असतात, सोटो 19 व्या वर्षीच मोठ्या लीगमध्ये आला म्हणून 26 ला बाजारात होता. तुम्ही त्याची चांगली वर्षं विकत घेता, म्हातारपण नाही. बरं, पंधरा वर्षांतली शेवटची पाच म्हातारपणच आहे, पण तोवर मी कुठे असेन कुणास ठाऊक.

ओहतानीबद्दल सगळे विचारतात म्हणून पटकन. आमच्या ॲपमध्ये तो एकच खेळाडू आहे पण बॅटर की पिचर हे रोज मॅचच्या आधी निवडायचं, विसरलात तर बॅटर धरतो. काही ॲप्समध्ये त्याचे दोन तुकडे करून दोन वेगळे खेळाडू विकतात, ते मला जास्त चालेल. आमच्यात तो 61 डॉलरला गेला, घेणाऱ्याने 2024 मध्ये त्याच्या 54 होमरन आणि 59 चोऱ्यांवर लीग जिंकली, पण आता किंमत दर वर्षी 5 ने चढतेय आणि भाऊ तिशी पार.

माझी लाज वाचवली ती दोन पोरांनी, दोन्ही यादीत खाली होते. सिनसिनाटीचा एली डे ला क्रूझ, 26 डॉलर, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर), उंच, आणि पळायला लागला की समोरच्या टीमची घाबरगुंडी, 2024 मध्ये 67 बेस चोरले. आणि अगदी शेवटी खिशात एकच डॉलर उरलेला तेव्हा सॅन डिएगोचा जॅक्सन मेरिल, वीस वर्षांचा, शॉर्टस्टॉपचा सेंटरफिल्डर (मैदानाच्या मागच्या मधल्या भागातला फील्डर) केलेला, कुणी बोलीच लावली नाही. त्याने पहिल्याच वर्षी 24 होमरन मारले. एक डॉलर! यावरून मी शिकलो की वय बावीस-तेवीसच्या आत, शॉर्टस्टॉप नाहीतर सेंटरफिल्ड, आणि टीम त्याला रोज खेळवतेय, एवढं जुळलं की डोळे मिटून घ्यायचं. कॅचर (बॅटरच्या मागे बसणारा, आपल्या विकेटकीपरसारखा) नको, तो वाकून वाकून दमतो, मध्ये सुट्ट्या घेतो (कॅल रॅलीने 2025 मध्ये कॅचर असून 60 होमरन मारले, पण तो अपवाद आणि तो माझ्याकडे नव्हता).

ॲपचं चांगलं पण सांगतो. ऑक्शन एकदाही हँग झालं नाही, बारा जण तीन टाइमझोनमधून होते तरी. आकडे मॅच चालू असतानाच अपडेट होतात. आणि याच्यामुळे मी मंगळवारी रात्री सिनसिनाटीची मॅच बघत बसतो, जी माझ्या आयुष्यात कधी बघितली नसती. मुलगी आता मला न विचारता सांगते, एलीने आज काय केलं ते.

वाईटात वाईट म्हणजे ट्रेडचा, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचा स्क्रीन. कुणी ऑफर टाकली की ॲप एक मीटर दाखवतं, कुणाचा फायदा किती टक्के. हे टक्के परत त्या एका सीझनच्या रँकिंगवरूनच काढलेले, किंमत आणि वय धरतच नाही. सपोर्टला मेल केला, उत्तर आलं की सूचना टीमकडे पोचवली आहे. दीड वर्ष झालं, टीम बहुतेक पायी निघाली असावी.

पाचपैकी साडेतीन स्टार. लीगला पाच दिले असते, रँकिंगने दीड खाल्ला. नवीन असाल तर आधी एक वर्ष साधी लीग खेळा, कीपरला नंतर या.

हे लिहितोय तेव्हा माझ्या स्क्रीनवर एक ऑफर पडून आहे. समोरचा पिचर पॉल स्कीन्स देतोय आणि एली अधिक मेरिल मागतोय. स्कीन्सने 2025 चा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) घेतला, ईआरए (नऊ इनिंगमागे सरासरी दिलेले रन) 1.97, तेव्हा वय 23, 2024 मध्ये 3 डॉलरला घेतलेला म्हणजे आता 13 लाच ठेवता येईल, मीटर म्हणतंय माझा फायदा 71 टक्के. पण तो खेळतो पिट्सबर्गकडून, एवढं भारी टाकून त्याच्या विन्स (टीम जिंकली की पिचरच्या नावावर लागणारा विजय) फक्त दहा आणि लॉस पण दहा, आणि आमच्या लीगमध्ये विन्सचे पॉइंट आहेत. वर पिचर, तोही ताशी 98 मैलाने टाकणारा. नाही म्हणायचंय, पण रिजेक्टचं बटण कुठे लपवलंय तेच सापडत नाहीये.