'हेड गयं भाऊ' सांगून अकरा हजार उकळले: अडकलेल्या प्लगच्या नावाखाली होणारी फसवणूक

पारोळ्याकडच्या एका गाडीवाल्याची जुनी सीएनजी पिकअप, 1.2 लिटर, चार सिलिंडर. भर वैशाखात माल भरला की चढावर मिसिंग मारायची, म्हणजे एखादा सिलिंडर मध्येच पेटत नसे. स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा) बदलायला म्हणून हायवेवरच्या एका गॅरेजात लावली. तीन प्लग निघाले, चौथा हलेना. मिस्त्रीने मालकाला चहाला पाठवलं. तो परतला तर हातावर एक तुटका प्लग ठेवला आणि सांगितलं, "हेड गयं भाऊ, उतारनं पडी." म्हणजे हेड, इंजिनाचा वरचा भाग, गेलं, उतरवावं लागेल. हेडचं काम, गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधला सीलचा पत्रा), कूलंट, मजुरी, सगळे मिळून अकरा हजार. दोन दिवसांनी गाडी हातात.

हेड उतरलंच नव्हतं. या गाड्यांचं इंजिन सीटखाली, त्यामुळे मालक बघतच नाही. नंतर दुसऱ्या फिटरने सीट उचलली, तर हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर जुनी तेलकट धूळ सलग बसलेली. मॅनिफोल्डच्या (हेडला जोडलेल्या, धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) गंजलेल्या नटांना पाना लागल्याची खूण नाही, कूलंटही तेच गढूळ. हेड उतरवायचं तर सहसा मॅनिफोल्ड सोडवावा लागतो.

खरी चोरी पकडली ती प्लगांनी. निघालेले तीन जुने प्लग मालकाने डॅशबोर्डात ठेवले होते. त्यांच्या आट्यांची लांबी 19 एमएम, षटकोन 16 एमएमच्या पान्याचा. तुटका म्हणून दाखवलेला तुकडा 12.7 एमएम आट्यांचा, त्याला 21 चा पाना लागतो. एकाच इंजिनात असे दोन प्लग बसत नाहीत. तो दुसऱ्याच गाडीचा, डब्यात जपून ठेवलेला तुकडा होता. खरा चौथा प्लग नुसता अडकला होता.

प्लग अडकतो त्याला कारणं आहेत. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा. ओल गेली की दोन्ही धातू एकमेकांना धरतात. खालच्या आट्यांवर कार्बन चढतो. त्यात कोणीतरी आधी टॉमीला (पान्याच्या दांड्याला) पाइप लावून आवळलेला असतो. सीएनजीवर प्लग लवकर झिजतात, म्हणून ते वेळेवर काढलेच पाहिजेत; वर्षानुवर्षं न काढलेला प्लगच जास्त छळतो.

काढताना घाई नको. आधी प्लगच्या खोल विहिरीत हवा मारा. आपल्याकडच्या रस्त्यांची धूळ तिथे साठते, प्लग निघाला की ती थेट सिलिंडरमध्ये. इंजिन थंड हवं. तापलेल्या ॲल्युमिनियममधून प्लग ओढला की आटे सोबत येतात. हलत नसेल तर गंज सोडवणारं तेल टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी पाव फेरा सोडा, परत आवळा, पुन्हा तेल, पुन्हा पाव फेरा. कचकच आवाज आला की थांबा. पाना सरळ धरा, तिरका झाला की चिनी माती फुटते. पण नुसती वरची चिनी माती फुटली तर घाबरायचं कारण नाही, षटकोन शाबूत असतो आणि प्लग निघतो.

आटे खरंच गेले तरी बहुतेक वेळा हेड उतरवावं लागत नाही. टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) ग्रीस फासून, म्हणजे चुरा त्यालाच चिकटतो, नवे आटे पाडायचे आणि 14 बाय 1.25 चा बुश किंवा स्प्रिंगसारखा इन्सर्ट बसवायचा. नंतर हवा मारून सिलिंडर साफ करायचा. प्लगचा खालचा भाग आतच तुटून राहिला आणि काढायच्या हत्याराने निघाला नाही, तरच हेडचा विचार.

"हेड गेलं" ऐकल्यावर हे मागा: मोबाइलच्या उजेडात प्लगचं भोक दाखवा, काढलेले सगळे प्लग द्या, हेड उतरवलं की बोलवा, जुनं गॅस्केट हातात द्या. तुटका तुकडा बाकीच्या प्लगांशेजारी ठेवून आटे मोजा. डिझेल पिकअपच्या बिलात स्पार्क प्लग लिहिला असेल तर ते बिलच खोटं. डिझेलला फार तर ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना तापवणारा प्लग, असतो.

नवीन प्लग आधी हाताने फिरवत बसवा, गॅप (ठिणगी पडते त्या दोन टोकांमधलं अंतर) मॅन्युअलप्रमाणे तपासा. वॉशर असलेला नवा प्लग हाताने टेकला की पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेऱ्यावरच थांबा. टॉर्क पाना असेल तर 14 एमएमला साधारण 25 ते 30 न्यूटन-मीटर. मुलामा दिलेल्या आट्यांना ग्रीस लावू नका. आटे निसरडे होतात, तेवढ्याच जोरात प्लग जास्त आवळला जातो आणि पुढच्या खेपेला तोच अडकतो.