कच्च्या गव्हाची लॅम्बिक: वर्षभराचा अनुभव

लॅम्बिक म्हणजे बेल्जियमची, हवेतल्या जंतूंनी आंबणारी बिअर. तिच्या जुन्या धान्यप्रमाणाने घरी आंबट बिअर करायला लागून आता वर्ष उलटलं. मी बेल्जियममधल्या ल्यूव्हेनमध्ये राहतो. लॅम्बिकचा मूळ प्रदेश पायोटेनलँड इथून फार लांब नाही, त्यामुळे गहू तिथल्याच एका गिरणीतून आणतो, जुन्या वाणाचा. साधारण दोन भाग बार्ली माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) आणि एक भाग मोड न आणलेला कच्चा गहू. बेल्जियमच्या नियमातही लॅम्बिकमध्ये किमान ३० टक्के गहू लागतोच.

आधी कष्टांचं सांगतो. एका बॅचला अख्खा दिवस जातो. भरड ४५ अंशांवर भिजवायची, मग उकळतं पाणी घालत ५२, ६५, ७२ असं चढवायचं आणि मधेच गढूळ रस काढून वेगळ्या पातेल्यात ८० च्या वर तापवायचा. हा रस म्हणजे थेट कुरडयांचा चीक: पांढरट, बोटांना चिकटणारा. गव्हाला टरफल नसतं, म्हणून गाळणी तुंबते. पूर्वीचे ब्रुअर पिंपात टोपली दाबून बसवत आणि आत झिरपलेला रस उपसत. मी स्टीलची खोल चाळणी तशीच दाबतो, छान चालतं. पुढे जुने, वास उडालेले हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) घालून चार तास उकळणं. विरजणाला ग्यूझच्या (लॅम्बिक मिसळून केलेल्या बिअरच्या) बाटलीतला तळचा गाळ.

एवढा खटाटोप का, तर रस तापवला की त्यातली एन्झाइम्स मरतात आणि बराच स्टार्च साखर न होता तसाच उरतो. साधं यीस्ट त्याला हात लावत नाही. पेडिओकॉकस हा जिवाणू आणि ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट मात्र महिनोन्‌महिने त्यावरच जगतात. या पद्धतीमागे कराचाही हात होता: १८२२ च्या कायद्याने कर मॅशच्या, म्हणजे भरड भिजवायच्या पिंपाच्या आकारमानावर लागायचा, म्हणून ब्रुअर लहान पिंपात धान्य ठासून भरत आणि पुढच्या पाण्याला जागा व्हावी म्हणून रस काढून घेत.

चौथ्या महिन्यात चव उग्र होती. उन्हाळ्यात बिअर ओतताना तार धरायला लागली. नवख्यांनो, या टप्प्यावर फेकून देऊ नका! ब्रेटानोमायसिस ती तार हळूहळू मोडून काढतं. आता आंबटपणा गोल झालाय, मागे ओल्या गवताचा आणि लिंबाच्या सालीचा गंध आहे. शेजारीच त्याच विरजणाची, नुसत्या माल्टमध्ये माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली, साध्या यीस्टला न आंबवता येणारी पूड) घातलेली सोपी बॅचही लावली होती. ती लवकर आंबली, पण घोट गिळला की चव संपते. कच्च्या गव्हाची जिभेवर रेंगाळते. माझ्या मते सगळा दिवस त्यासाठीच खर्चावा.

ओट्स घालून पाहिले, जुन्या काही कृतींत ते असत. तोंडात मऊपणा वाढला, फेस मात्र टिकला नाही. पुन्हा घालणार नाही.

गॅसचं बिल आणि जागा यांचा विचार आधी करा. २० लिटरलाही दोन मोठी पातेली लागतात. आणि लॅम्बिक लावायचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. ग्यूझसाठी एक, दोन आणि तीन वर्षांची लॅम्बिक मिसळतात, म्हणून मी दर हिवाळ्यात एक तरी बॅच लावणार आहे.