नटासाठी कोणतं वेल्ड चिन्ह: त्रिकोण, वर्तुळ की फुलीचं वर्तुळ?

प्लेटवर नट वेल्ड करायचा म्हटलं की ड्रॉइंगवर हात आधी फिलेटच्या, म्हणजे कोपऱ्यात भरायच्या वेल्डच्या, त्रिकोणाकडे जातो. माझाही जायचा. डावीकडे वेल्डचं माप ३ (मिमी) लिहायचं, जोडाकडे जाणारा बाण आणि चिन्ह ज्यावर बसतं ती आडवी रेषा यांच्या कोपऱ्यावर 'सभोवार'चं छोटं वर्तुळ काढायचं, झालं.

त्या छोट्या वर्तुळानेच माझं मत फिरवलं. सभोवार म्हटल्यावर वेल्डर सहाही बाजू भरणार; चिन्हाचा अर्थच तो. पण लहान नटात एवढी उष्णता गेली की भोक ओढलं जातं, आट्यांवर शिंतोडे बसतात आणि जुळणीच्या वेळी बोल्ट दोन आटे जाऊन अडकतो. मग प्रत्येक नटात टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवा. एका फ्रेमवर माझे चाळीसेक एम६ (६ मिमी बोल्टचे) नट होते. वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ टॅप मारण्यात गेला, दोन टॅप आत तुटले, आणि मोकळे झालेले काही आटे सैल लागत होते. जस्ताचा मुलामा असलेला नट असेल तर धूर आणि छिद्रांचा त्रास वेगळाच.

तेव्हापासून शक्य तिथे मी प्रोजेक्शन वेल्डचं, म्हणजे उंचवटे वितळवून केलेल्या जोडाचं, वर्तुळ काढतो. वेल्ड नटाला उंचवटे असतात: डीआयएन ९२९ या जर्मन मानकाच्या षटकोनी नटाला तीन, डीआयएन ९२८ च्या चौकोनी नटाला चार. विद्युतप्रवाह आणि दाब यांनी तेवढेच वितळतात, आटे जवळपास जसेच्या तसे राहतात. षटकोनी नटाची कॉलर, म्हणजे खालची गोल कड, प्लेटच्या भोकात बसते, त्यामुळे तो मध्यावर आपोआप येतो. चिन्ह काढताना मात्र सांभाळावं लागतं. एडब्ल्यूएस ए२.४ या वेल्ड चिन्हांच्या अमेरिकन मानकानुसार ठिपक्यासारख्या स्पॉट वेल्डचं चिन्हही वर्तुळच, म्हणून रेषेच्या टोकाच्या शेपटीत 'पीडब्ल्यू' (प्रोजेक्शन वेल्ड) लिहायला विसरू नये. प्रोजेक्शनचं वर्तुळ रेषेच्या मधोमध बसवायचं नाही. रेषेखाली असेल तर उंचवटे बाणाकडच्या भागावर, वर असेल तर पलीकडच्या. बाण नटाच्या बाजूने लावला असेल तर वर्तुळ खाली.

नटाऐवजी आट्यांचा खिळा चालणार असेल तर स्टडचं चिन्ह, म्हणजे आत फुली असलेलं वर्तुळ. ते नेहमी बाणाच्या बाजूलाच येतं. डावीकडे माप, उजवीकडे अंतर, खाली कंसात संख्या. मागच्या बाजूला हात पोहोचत नसेल तिथे मला ते फार आवडतं. पण पुढे आलेले आटे हाताळताना ठेचले जातात, म्हणून नेहमीच्या कामाला मी नटच धरतो.

अर्थात चार-सहा नटांसाठी प्रोजेक्शनचं मशीन कुणी शोधणार नाही, आणि जाड प्लेटवर फिलेटच बरं पडत असेल. तसं असेल तर सभोवारचं वर्तुळ तेवढं गाळा. एक सोडून एक अशा तीनच बाजूंना बाण लावा आणि वेल्ड होईपर्यंत नटात जुना बोल्ट फिरवून ठेवायला सांगा.