विंडोज टाकायचं तर डिस्क का पेनड्राइव्ह?
भावा, जुनी विंडोज एक्सपी ७०० एमबीच्या सीडीत बसायची, नंतरच्या विंडोज सेव्हनला ४.७ जीबीची डीव्हीडी लागायला लागली, आणि डिस्कवर एक चरा पडला की फाइल कॉपी होताना मधेच एरर, मग शर्टाला पूस, परत घाल, परत पहिल्यापासून, तोवर रंकाळ्याला एक फेरी मारून होते. पेनड्राइव्हवर तेच काम लई लवकर उरकतं. ८ जीबीचा घे, आतलं सगळं आधी काढून ठेव कारण तो फॉरमॅट होतो, आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बूट ऑर्डर बदल, म्हणजे मशीन आधी पेनड्राइव्हवरनं सुरू होईल. एक मात्र हाय, एकदा छापलेल्या डिस्कमध्ये व्हायरस मागनं शिरत नाही, पेनड्राइव्ह कुणाच्याबी मशीनला लावला की भरोसा संपला. तरी मी पेनड्राइव्हच वापरतो, डिस्क फक्त घरातल्या एक्सपीच्या जुन्या डबड्यासाठी.