फोन-इंटरनेट एकत्र घ्यावं की वेगवेगळं? ठरवत असाल तर वाचा

स्पीडचे आणि डेटाचे तक्ते सगळीकडे मिळतात, त्यात पडत नाही. मी आधी बरीच वर्षं बंडल (लँडलाइन फोन आणि इंटरनेट एकाच कंपनीकडून, एकाच प्लॅनमध्ये) वापरलं, आता दोन्ही वेगवेगळं आहे, मोजमाप वगैरे काही केलेलं नाही, जे जाणवलं ते सांगतो.

बंडल वाईट नाही हं. एक बिल, एक तारीख, बसवायला येणारा माणूस एकच, आणि सुरुवातीला स्वस्त पडतंच. ज्यांना या भानगडीत डोकं घालायचं नाही त्यांनी बिनधास्त घ्यावं, निदान प्लॅन आहे तसा चालू असेपर्यंत तरी.

माझं बिनसलं ते प्लॅन बदलल्यावर. मेसेज आला की जुना प्लॅन बंद, आता तुम्ही आपोआप नव्या प्लॅनवर. इंटरनेट जसंच्या तसं, पण मोबाइल नंबरवर केलेले कॉल आता फुकट नाहीत. म्हटलं ठीक आहे, मग लँडलाइन काढून टाका, नुसतं इंटरनेट राहू द्या. तर म्हणे फोन काढला की सवलत जाणार, आणि नुसत्या इंटरनेटचा दर दोन्ही मिळूनच्या दरापेक्षा जास्त! वर प्लॅन बदलला म्हणून कराराची मुदत पुन्हा पहिल्यापासून. बरं, बिलात बघावं कशाचे किती लावलेत तर तिथे एकच आकडा आणि खाली सवलत. फोनवाल्यांना विचारलं तर ते इंटरनेट विभागाकडे पाठवणार, ते परत फोनवाल्यांकडे, म्हणजे एकच कस्टमर केअर हा जो फायदा सांगतात तो नेमका गरज पडली की गायब. भाववाढीचं एवढं काही नाही, ती सगळेच करतात. पण नको असलेलं अर्धं सोडताच येत नाही, घ्या नाहीतर सगळं सोडा, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही.

युरोपियन युनियनच्या २०१८च्या टेलिकॉम संहितेत याचा विचार केलाय. कंपनीने मध्येच अटी बदलल्या आणि तो बदल निव्वळ ग्राहकाच्या फायद्याचा नसेल, तर साधारणपणे दंड न भरता बाहेर पडता येतं, आणि बंडलमध्ये एखादी जादा सेवा घेतली म्हणून मूळ मुदत परस्पर वाढवता येत नाही, ग्राहकाने स्पष्ट हो म्हणावं लागतं. तुमच्याकडे काय नियम आहे ते सही करायच्या आधी बघून घ्या.

आणखी एक, फायबरवर बंडलमधला फोन बहुतेक वेळा इंटरनेटवरूनच चालतो. फोनची वायर कंपनीच्या डब्यात (मोडेम-राउटरमध्ये) जाते, त्यामुळे नेट गेलं की फोन गेला, लाइट गेली की दोन्ही गेलं (बॅकअप लावला असेल तर गोष्ट वेगळी). जुन्या तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधून करंट यायचा म्हणून साधा फोन अंधारातही चालायचा, ती सवय डोक्यात ठेवून बंडल घेऊ नका. शिवाय फोनचं सेटिंग त्या डब्यात लॉक असलं तर स्वतःचा राउटर लावणंही अवघड होऊन बसतं.

वेगवेगळं घेतलं म्हणजे सुख आहे असंही नाही. दोन बिलं येतात, आवाज तुटला की इंटरनेटवाला फोनवाल्याकडे बोट दाखवतो. माझा वेगळा घेतलेला फोनही इंटरनेटवरूनच चालतो, सुरुवातीला कॉल लागायचा पण समोरच्याचा आवाजच येत नव्हता, राउटरमधलं एसआयपी एएलजी (इंटरनेट कॉलच्या डेटात ढवळाढवळ करणारं एक सेटिंग) बंद केल्यावर नीट झालं. असल्या गोष्टींचा कंटाळा असेल तर लँडलाइनच्या फंदात न पडता सरळ मोबाइलच वापरा. पण आता इंटरनेटवाल्याने प्लॅन बदलला तर मी फक्त इंटरनेट बदलतो, नंबर जागचा हलत नाही, आणि मला तरी दुसरं बिल भरायचा त्रास त्यापुढे काहीच वाटत नाही. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

बंडलमधून बाहेर पडणार असाल तर आधी नंबर पोर्ट करा (तुमच्याकडे लँडलाइनचा नंबर पोर्ट होत असेल तर), तो नव्या ठिकाणी चालू झाल्यावरच जुनं कनेक्शन बंद करायला सांगा. आधी बंद केलंत तर नंबर हातचा जाऊ शकतो. आणि कंपनीने दिलेला ईमेल वापरत असाल तर बँक वगैरे सगळीकडे तो आधी बदलून घ्या, कनेक्शन गेलं की बऱ्याचदा तोही जातो.